सुताराने न मारलेले सात ठोके

गोष्टीतल्या जंगलात जाण्याआधी मी एकदा धरलेल्या नेमाविषयी सांगते, बाळांनो. त्या वर्षी चातुर्मासात एकादशीला शेजारच्या मनोरमाकाकूंकडे भजन होतं आणि फराळाचे राजगिऱ्याचे लाडू मी करून दिले होते. राजगिरा नीट निवडला, पण शेवटची मूठ तशीच टाकली, कारण टाळ वाजायला लागले होते. नेमका एका लाडवात खडा निघाला आणि काकूंच्या जावेचा दात दुखावला. काकू बिचाऱ्या वाण्याला नावं ठेवत राहिल्या. मी पाच दिवस गप्प होते. देवापुढे बसलं की समई माझ्याकडेच बघतेय असं वाटे. सहाव्या दिवशी जाऊन खरं सांगितलं आणि त्याच चातुर्मासात नेम धरला, की माझ्या हातून कोणाचं काही बिघडलं तर त्या दिवशीचा सांजदिवा लावायच्या आत ज्याचं त्याला जाऊन सांगायचं. हा नेम मला सुचला तो एका सुतारपक्ष्याच्या गोष्टीवरून. तीच आता ऐका.

सह्याद्रीच्या एका उतारावर दाट राई होती आणि त्या राईत एक सुतारपक्षी राहत असे. कामात मोठा वाकबगार. त्याने कोरलेल्या ढोलीत कधी वारा घुसला नाही की कधी पाणी साचलं नाही. पोपट, साळुंक्या, पिंगळे, सगळे त्याच्याचकडे येत. त्याचा बाप सुतार, आजाही सुतार, त्यामुळे सुतारकीच्या रीती त्याला पाठ होत्या.

त्यातली पहिली रीत ठोक्यांची. झाड कोरायला घेण्याआधी त्याला सात ठोके वर मारायचे आणि सात ठोके खाली, पार मुळाशी जाऊन. प्रत्येक ठोका मारला की कान देऊन ऐकायचं. निरोगी लाकूड ‘टक्’ म्हणतं. वाळवीने आतून पोखरलेलं लाकूड ‘ढब’ म्हणतं. असे चौदा ठोके झाल्याशिवाय चोच लावायची नाही.

दुसरी रीत जरा निराळी होती. राईतल्या प्रत्येक सुताराने दर माघात एक ढोली जास्तीची कोरायची, कोणासाठीच नाही अशी, आणि ती रिकामी सोडायची. तिला सगळे ‘ठेवणीची ढोली’ म्हणत. कितीही जपलं तरी कधीतरी एखाद्या सुताराची चूक व्हायची, एखादं घर पडायला यायचं. मग ज्याचं घर जाणार त्याला ठेवणीतली ढोली मिळायची. या ढोल्यांची राखण एक म्हातारी शेकरू करी. रोज सकाळी झुपकेदार शेपटीने त्या झाडून घेई आणि पाहुणा फुकट राहायला आला तर त्याला हुसकून लावी. ढोली देण्याची अट मात्र एकच होती. ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतः येऊन सांगितलं पाहिजे, आणि तेही नुकसान होण्याच्या आत, त्याला चूक कळेल त्याच दिवशी. लपवलेली चूक दुसऱ्याच्या तोंडून कळली, तर ठेवणीची ढोली उघडायची नाही. मग त्या सुताराने एकट्याने काय ते निस्तरायचं.

आपला सुतार अकरा वर्षं ही ढोली न चुकता कोरत आला होता. अकरा वर्षांत त्याच्यावर कधी मागायची वेळ आली नाही. त्यामुळे दर माघात त्याची सुतारीण त्याला चिडवी, की आपल्या घरट्याचं तोंड रुंद करून द्या म्हटलं तर सवड नाही आणि कोणाच्या नावावर नाही तिथे दोन दोन दिवस ठोकत बसता. सुतार हसून म्हणे, बाबांनी सांगितलंय म्हणून करतो. त्याच्यापाशीही याहून मोठं कारण नव्हतं.

बाराव्या माघात त्याच्याकडे धनेशाचं जोडपं आलं. धनेश म्हणजे ती लांबलचक पिवळट चोचीची मोठी पाखरं, उडाली की पंखांचा घुंई घुंई आवाज खाली जमिनीवर ऐकू येतो. त्यांची घर मांडायची तऱ्हा वेगळीच. धनेशीण ढोलीत शिरते आणि चिखल लिंपून दार बुजवून घेते. एक फट तेवढी ठेवते. आत अंडी घालते, पंखांची पिसं झाडून टाकते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिथेच राहते. उडायचं म्हटलं तरी तिला उडता येत नाही. बाहेरून धनेश उंबरं आणून फटीतून भरवतो. म्हणजे बघा, एकदा दार लिंपलं की त्या बाईचा जीव झाडाच्या भरवशावर आणि झाड निवडणाऱ्या सुताराच्या भरवशावर.

धनेशांना एक उंच बेहडा आवडला होता. सुतार गेला. वरचे सात ठोके मारले. टक्, टक्, टक्, सगळे खणखणीत. खाली उतरला तर बुंध्याला चिलारीची जाळी वेढलेली, बोटभर लांब काट्यांची. तिकडे सुताराच्या घरासमोर दोन पोपट आणि एक पिंगळा ढोलीसाठी केव्हाचे येऊन बसले होते आणि पिंगळा तर डुलक्याही घ्यायला लागला होता. सुतार काट्यांकडे बघत क्षणभर थांबला. वर एवढं पक्कं आहे, खाली काय वेगळं असणार, असं म्हणाला आणि कोरायला वर गेला. चार दिवसांत सुरेख ढोली झाली. धनेशीण आत शिरली. फाल्गुन लागला तेव्हा दार लिंपून झालं होतं.

वैशाखात चिलारीची पानं झडली. एका सकाळी सुतार मुंग्या टिपत त्या बेहड्याच्या बुंध्याशी पोहोचला. काट्यांतून आता वाट दिसत होती. सहज म्हणून त्याने चोच मारली.

ढब.

त्याने जरा बाजूला मारली. ढब. तिसऱ्या ठोक्याला साल आत गेली आणि वाळवीची भुकटी भुरुभुरु खाली सांडली. बुंधा आतून पोकळ होता. वर ढोलीत धनेशीण होती, बिनपिसांची, आणि दोन पिल्लं. वळवाचा वारा रोज दुपारी थोडा थोडा वाढत होता.

तिथेच उताराखाली एका कोल्ह्याचं बीळ होतं. तो बिळाच्या तोंडाशी बसून हे सगळं बघत होता. सुताराचा उतरलेला चेहरा त्याने ओळखला आणि मोठ्या मायेने जवळ येऊन त्याला समजावू लागला. त्याचं म्हणणं असं, की सुताराने इथे काही पाहिलंच नाही. झाड पडलंच तर ते वाऱ्याने पाडलं, आणि वाऱ्यावर आजवर कोणी फिर्याद केली नाही. सुतार म्हणाला, पण आत तीन जीव आहेत. कोल्हा म्हणाला, कदाचित नाहीही पडणार. उगाच आपल्या तोंडाने सांगून बसलास तर उद्या तुझ्या दारात चिमणीसुद्धा येणार नाही.

“सांगितलंस की अडकलास, सुतारदादा,” कोल्हा हळूच म्हणाला. “गप्प बसणाऱ्याचं नाव कधी खराब होत नाही.”

सुतार घरी आला. समोर मुंग्यांची अंडी होती, त्यांना त्याने चोच लावली नाही. सुतारणीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याच्या समोर येऊन बसली. तेव्हा त्याने काट्यांपासून कोल्ह्यापर्यंत सगळं सांगितलं. आणि म्हणाला की बाबांचं नाव आपण घालवलं. एवढी वर्षं कमावलेलं सगळं आज खरं सांगितलं की जाणार.

सुतारीण त्याच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, “अहो, अकरा वर्षं मी तुम्हाला हसले. आज मला कळू द्या ना, त्या ढोल्या कशासाठी होत्या ते.”

तिने त्याच्या पाठीवरचा भुसा झटकला आणि स्वतःच पुढे होऊन उडाली. मागोमाग सुतारही.

शेकरू आपल्या झाडावर जांभळीची कोवळी पालवी खात होती. सुताराने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिने पालवी खाली ठेवली. धनेशाला बोलावणं गेलं. बाकीचे सुतार आले, पोपट आले, वानरांची एक टोळी आसपास होती ती आली. बोलावणं नसताना कोल्हाही आला, कारण कुठे चार तोंडं जमली की त्याला राहवत नसे.

सुतार सगळ्यांच्या मधे बसला. मान वर करवत नव्हती.

“वर सात ठोके मारलेस?” शेकरूने विचारलं.

“मारले, मावशी.”

“खाली?”

“नाही मारले. काटे होते, आणि मला घाई होती.”

धनेशाच्या पंखांचा असा आवाज झाला की वानरांची पोरं आयांना बिलगली. तो सुताराच्या अंगावर धावूनच गेला. माझी बायको आत कोंडलेली आहे, माझी लेकरं आत आहेत आणि तू घाईचं काय सांगतोस, असं तो ओरडला. सुतार जागचा हलला नाही. धनेशाने चोच मारली असती तर त्याने ती निमूट सोसली असती. पण धनेशानेच स्वतःला आवरलं आणि फांदीवर परत गेला.

तेवढ्यात कोल्ह्याने घसा साफ केला. कोणी विचारलं नव्हतं, तरी त्याने सुताराची बाजू मांडायला घेतली. काटे सुताराने लावले नव्हते. वाळवी सुताराने आणली नव्हती. वाऱ्याचं तर नावच नको. आणि मुख्य म्हणजे, धनेशरावांना एवढी मोठी चोच देवाने दिली आहे, त्यांनी स्वतः बुंध्यावर का वाजवून पाहिलं नाही. थोडी चूक त्यांचीही धरा. दोन पोपटांनी माना डोलावल्या, कारण बोलणं त्यांना ऐटदार वाटलं.

शेकरू शेपटी सावरून कोल्ह्याकडे वळली.

“धनेश सुतार नाही, कोल्होबा. म्हणून तर तो सुताराकडे आला.”

दोन्ही पोपटांच्या माना डोलायच्या थांबल्या. सुताराने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, की मावशी बरोबर सांगतात, ऐकायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

शेकरूने वर आभाळाकडे पाहिलं, मग सुताराकडे. चूक कधी कळली असं विचारलं. आज सकाळी, असं त्याने सांगितलं. झाड अजून उभं आहे ना, असं विचारलं. उभं आहे. मग ती म्हणाली की अट पाळली गेली, ठेवणीची ढोली उघडायची. कड्याजवळच्या सातविणीच्या झाडावर एक मोठी ढोली होती, धनेशांना पुरेल अशी. ती कोणी कोरली होती ते आता कोणाला आठवतही नव्हतं. ज्याने कोरली तो सुतार केव्हाच गेला होता, पण त्याने चौदा ठोके मारलेले होते, आणि झाड अजून पक्कं आहे हे शेकरू रोज सकाळी वाजवून बघत होती.

आता प्रश्न होता तो न उडणाऱ्या धनेशिणीला आणि पिल्लांना तिथवर न्यायचा. कोणी सांगायच्या आत एक वानरीण पुढे आली. तिच्या पोटाशी तिचं स्वतःचं पोर होतं, ते तिने बहिणीच्या कडेवर दिलं. मी नेते, एवढंच म्हणाली.

सगळे बेहड्याशी पोहोचले तेव्हा वारा सुटला होता. झाड करकरत होतं. सुतार घाईघाईने लिंपलेल्या दारावर चोच मारणार, इतक्यात फटीतून धनेशिणीचा आवाज आला. बाहेर काय चाललंय ते तिला नवऱ्याने सांगितलं होतं.

“दार मी लावलंय, सुतारा. आतून मीच फोडते. तू बाहेरून फोडशील तर माती पिल्लांवर पडेल. तू कडा तेवढ्या सैल कर.”

सुताराने तसंच केलं. आता घाई होती, खरी घाई होती, तरी त्याने एकेक कड एकेका ठोक्याने सैल केली, प्रत्येक ठोक्यानंतर थांबून आत कान देऊन. माघात जे ऐकायचं राहिलं होतं ते तो आता ऐकत होता. आतून धनेशिणीची चोच, बाहेरून त्याची. एक ढेकूळ निघालं, मग दुसरं, आणि दार मोकळं झालं.

वानरिणीने पहिलं पिल्लू काढलं, पोटाशी धरलं. मग दुसरं. उघडी गुलाबी पिल्लं तिच्या केसांत शिरून बसली, जशी काही तिथेच जन्मली होती. बिनपिसांची धनेशीण बाहेर आली तेव्हा इतके दिवस न पाहिलेल्या उजेडाने तिचे डोळे मिटले. तिच्याकडे कोणी टक लावून बघू नये म्हणून सुतारीण तिच्या आणि पोपटांच्या मधे येऊन बसली. दुसऱ्या वानराने धनेशिणीला खांद्यावर घेतलं. फांदीवरून फांदीवर, हळू हळू, पुढे शेकरू वाट दाखवतेय, वर धनेश घिरट्या घालतोय, मागे सगळे सुतार. अशी ती मिरवणूक सातविणीकडे निघाली.

सातविणीच्या ढोलीत दुसरं पिल्लू ठेवलं आणि धनेशीण आत शिरली, तोच मागे मोठा आवाज झाला. बेहडा मुळापासून तुटून उताराखाली कोसळला होता. ढोली फुटून तिच्या दोन फाका झाल्या होत्या. आत दोन पिसं होती आणि उंबराच्या बिया. बाकी काही नाही.

मग एका म्हाताऱ्या सुताराने सुक्या फांदीवर ठोके द्यायला सुरुवात केली. दुसऱ्याने साथ धरली, तिसऱ्याने. वर टक् टक्, खाली टक् टक्, जणू देवळात आरतीची झांज. वानरांची पोरं फांद्या हलवून नाचली. धनेश राईवरून तीन वेळा उडाला, आणि त्याच्या पंखांचा घुंई घुंई आवाज खालच्या ओढ्यापर्यंत गेला. सुतार मात्र सातविणीच्या बुंध्याशी बसून खालचे सात ठोके मारत होता. शेकरूने त्याला सांगितलं की मी रोज वाजवते. तो म्हणाला, “ठाऊक आहे, मावशी. पण मला ऐकू दे.”

त्या हंगामात त्याने दुसरं काम घेतलं नाही. रोज सकाळी धनेशाबरोबर जाऊन पिकलेली उंबरं शोधायची, चोचीत मावेल ती आणायची. पहिले आठ दिवस धनेश त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. नवव्या दिवशी कुठल्या उंबराला फळ लागलंय ते त्याने आपणहून सांगितलं. ज्येष्ठात पिल्लं बाहेर पडली, धनेशिणीला नवी पिसं आली आणि चौघंही उडाली.

कोल्ह्याचं काय झालं, असं विचारणार तुम्ही. बेहडा पडला तो नेमका त्याच्या बिळाच्या तोंडावर. तो मिरवणुकीमागून बडबड करत गेला होता म्हणून वाचला, नाहीतर कठीण होतं. दोन दिवस उघड्यावर काढल्यावर तो शेकरूकडे आला आणि वाऱ्याची तक्रार करू लागला. शेकरूने फक्त एवढं विचारलं, की तू आजवर कोणासाठी एखादं बीळ जास्तीचं खणलं होतंस का. कोल्हा जमिनीकडे पाहू लागला. पण सुतारानेच मधे पडून साळिंदराला विनवलं आणि त्याचं एक जुनं बीळ कोल्ह्याला मिळवून दिलं. बदल्यात अट एकच. तेव्हापासून कोल्हा दरवर्षी एक बीळ कोणासाठीच नाही असं खणतो. कुरकुरतो, पण खणतो.

आणि माघ आला. सुतार पहाटेच उठून बसला होता. मनात कोल्ह्याचं बोलणं होतं, चिमणीसुद्धा येणार नाही. उन्हं फांद्यांवर आली तरी कोणी आलं नाही. सुतारीण उगाचच घरटं दोनदा झाडून घेत होती. मग दुरून घुंई घुंई आवाज आला. धनेशाचं जोडपं समोरच्या फांदीवर उतरलं. त्यांच्यामागे दोन पोपट, पिंगळा, साळुंक्यांचा एक थवा, आणि ज्यांचा सुतारकीशी काही संबंध नाही असे दोन खंड्याही रांगेत बसले, गर्दी आहे म्हणजे काहीतरी चांगलं असणार म्हणून.

“आम्हाला तूच झाड निवडून दे,” धनेश म्हणाला. “बाकीचे चुकले तर सांगतील की नाही, कोणाला ठाऊक. तू सांगतोस हे आम्ही पाहिलंय.”

धनेशीण म्हणाली, खाली काटे असले तर सांग, मी माझ्या चोचीने बाजूला करते, तू निवांत ऐक. सुतार उठला आणि आधी आपली ठेवणीची ढोली कोरायला निघाला. बारा वर्षांत पहिल्यांदा सुतारणीने त्याला चिडवलं नाही. ती त्याच्याबरोबर गेली आणि खालचे सात ठोके तिने मारले.

तात्पर्य : आपल्या कामावर दुसऱ्याचा जीव विसंबून असतो, म्हणून ते काम नीट ऐकून, पारखून करावे, तरी चूक झालीच तर कोणाचे नुकसान होण्याआधी स्वतः जाऊन सांगावे, आणि चुकीची भरपाई करण्याची सोय सगळ्यांनी मिळून चांगल्या दिवसांतच करून ठेवावी. बाळांनो, एक चातुर्मास तुम्हीही हा नेम धरून बघा. आज हातून काही बिघडलं असेल तर सांजदिवा लागायच्या आत ज्याचं त्याला सांगून या, मी दारात वाट बघते.